तीर्थनला मे अखेरीस ट्राउट लागेल का? नाशिकहून जातोय, पाण्याचा अंदाज हवाय

गंगापूररोडवाला

नमस्कार मंडळी. मे च्या शेवटच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन हिमाचलला चाललोय, तीर्थन व्हॅलीत गुशैणीजवळ मुक्काम, तिथल्या तीर्थन नदीत ट्राउट हा गार पाण्यातला मासा धरायचाय. नाशिकरोड ते दिल्ली रेल्वे, तिथून रात्रीची बस औटपर्यंत, सगळं बुकिंग झालंय, त्यामुळे तारखा बदला असा सल्ला कृपया देऊ नका, बायको घरात घेणार नाही.

गळाचा नाद मला शाळेपासून. दारणेवर आणि मुकण्याच्या बॅकवॉटरला मरळ, चिलापी बऱ्यापैकी काढलेत. पण फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची खोटी माशी (फ्लाय) फेकायची काठी, कधी हातात धरलेला नाही, आत्ता ऑनलाइन मागवलाय, ९ फुटी ५ वेट (लाइनच्या वजनाचा नंबर), चार तुकड्यांचा, सोबत फ्लोटिंग लाइन, म्हणजे पाण्यावर तरंगणारा जाड दोरा, आली. आता प्रश्न असा की एका ठिकाणी वाचलं मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हाच सीझन, मे मध्ये बर्फ वितळून नदी फुगते म्हणे, दुसरा एक जण म्हणतो उन्हाळाभर मासा मिळतो. खरं काय धरायचं? पाणी गढूळ असलं तर ट्राउट खातो का? दिवसात किती वाजता जायचं, फ्लाय कुठल्या न्यायच्या, आणि जायच्या आधी नाशकात प्रॅक्टिस कुठे करायची, ज्याला जे माहितीये ते सांगा.

हिमाचलवेडा

तारखा वाईट नाहीत हो, थोड्या अवघड आहेत एवढंच. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउटला बंदी असते, अंडी घालायचे दिवस म्हणून. मार्चपासून उघडतं. मार्च-एप्रिलला पाणी कमी आणि एकदम नितळ, मे-जूनला बर्फाचं पाणी वाढतं, जून संपता संपता पाऊस पोचला की जुलै-ऑगस्ट विसरायचं, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून परत मजा सुरू. तुम्ही वाचलेली दोन्ही मतं त्यामुळे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण महिन्यावरून फार काही ठरत नाही, मे मध्ये सकाळची नदी आणि संध्याकाळची नदी या दोन वेगळ्या नद्या असतात. तुम्हाला बघायचंय ते पाणी किती गार आहे, रंग काय आहे आणि चढतंय का उतरतंय.

होतं काय, वरचा बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो आणि ते पाणी खाली तुमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणजे संध्याकाळी, रात्री नदी भरलेली आणि पहाटे उतरलेली. हे कळलं की माणूस पहाटे पाचला रॉड घेऊन पळतो. तसं करू नका, निवांत चहा प्या. पहाटे पाणी एवढं गार असतं की मासा तळाला गप पडून राहतो. ४-५ अंशाला ट्राउट जवळपास खातच नाही, १० ते १६ मध्ये त्याची भूक खुलते, २० च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. म्हणून साधारण आठ-साडेआठ ते बारा ही वेळ धरा, पाण्यावर ऊन आलेलं असतं आणि आदल्या दुपारचं बर्फपाणी वाहून गेलेलं, आजचं अजून यायचं असतं. ढगाळ दिवस मिळाला तर लॉटरी, बर्फ कमी वितळतो आणि मासाही उघड्यावर यायला बिचकत नाही. फक्त ढग म्हणजे वर पाऊस नाही ना एवढं बघा.

रंगाची परीक्षा सोपी आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक दिसतंय का बघायचं. हिरवट-निळसर आणि टोक स्पष्ट दिसलं तर उत्तम. दुधट पण अंधुक दिसतंय तर चालेल, मासा बघून खातो त्यामुळे फ्लाय जरा मोठी आणि गडद लावायची आणि त्याच्या तोंडाजवळून न्यायची. मातकट असेल आणि काहीच दिसत नसेल तर रॉड खोलूच नका, घरच्यांना घेऊन जलोरी पासला जाऊन या, ते पण खूश.

बरं, तीर्थन त्यातल्या त्यात नशीबवान नदी आहे. शेजारची पार्वती हिमनद्यांचं पाणी आणते, उन्हाळ्यात कायम राखाडी. तीर्थन त्या मानाने स्वच्छ राहते. तरी मुख्य नदी फुगलेलीच असेल तर गुशैणीलाच फलाचण येऊन मिळते तिच्यात वर चढा, छोट्या प्रवाहात पाणी लवकर निवळतं. मासे लहान मिळतील पण मिळतील.

दारणेचा_मरळ

काय राव, दिल्लीला जायचं, बस पकडायची, लायसन काढायचं, बर्फाच्या पाण्यात उभं राहायचं आणि वीतभर मासा धरून परत सोडून द्यायचा 😂 आमच्याकडे या, चेहेडीच्या पुढे बसू, संध्याकाळी भाकरीसोबत ताटात मरळ.

आणि एक सांगा, गांडूळ लावलं तर काय बिघडतं? एवढी पिसांची माशी करायची गरजच काय? दुसरं म्हणजे भंडारदऱ्याला एवढी थंडी पडते, तिथे सरकारने ट्राउट सोडला तर आपल्याला हिमाचल कशाला लागेल.

सातपूरकरीण

मरळदादा, भाकरीचं आमंत्रण लक्षात ठेवते 😄

गांडुळाचं असं आहे की मासा ते आमिष खोलवर गिळतो, गळ घशात, पोटात अडकतो, मग सोडला तरी तो जगत नाही. फ्लाय बहुतेक वेळा ओठाच्या कडेला लागते, बार्ब, म्हणजे गळाचा उलटा काटा, चिमट्याने दाबून टाकला की एका सेकंदात निघते. लायसनवर कुठलं आमिष चालतं, किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला सोडायचा हे लिहिलेलं असतं, ते काढतानाच नीट वाचायचं. मत्स्य विभागाकडून मिळतं, तीर्थनमधले बरेच गेस्टहाउसवाले काढून द्यायला मदत करतात, आधी फोन करून विचारलेलं बरं. नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायचं असेल तर तिथले नियम वेगळे, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथे गंमत करायची नाही.

आता फ्लाय. मी कंपनीतून आल्यावर घरीच बांधते, त्यामुळे यावर मला थांबवणं अवघड आहे. मे अखेरीस पाणी गार आणि जोरात असणार, मग मासा वर येऊन पृष्ठभागावरचं खाईल ही आशा कमी ठेवा. ट्राउटचं बरंचसं जेवण पाण्याखालीच होतं, मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय या पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या दगडांच्या खाली असतात त्या सुटून वाहत येतात आणि हा प्रवाहाकडे तोंड करून नुसता उभा, समोर आलं की उचलायचं. तेव्हा पितळी किंवा टंगस्टन मण्याची निम्फ, म्हणजे अळीसारखी दिसणारी बुडणारी फ्लाय पाहिजे, फेझंट टेल, हेअर्स इअर या नावांच्या, १२ ते १६ नंबरपर्यंत (आकडा मोठा तितका गळ लहान). तळाला टेकत टेकत गेली पाहिजे. अधूनमधून दगडाला अडकली नाही तर समजा तुम्ही फार वरून नेताय, दोन-चार फ्लाय नदीला वाहायची तयारी ठेवा. पाणी दुधट असेल तर काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर ही मोठी झुबकेदार फ्लाय, ८ किंवा १० नंबर. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, म्हणून एल्क हेअर कॅडिस आणि ॲडम्स चार-चार ठेवा, एखाद्या संध्याकाळी कडेच्या संथ पाण्यात किडे उडताना दिसले आणि पाण्यावर गोल उमटायला लागले तर ते लावायचं, तो अनुभव वेगळाच आहे.

लाइनच्या पुढे जोडायचा पारदर्शक दोरा म्हणजे लीडर, तो ९ फुटी निमुळता, त्याच्या टोकाला बारीक दोरा म्हणजे टिपेट, ५एक्स (एक्सचा आकडा मोठा तितका दोरा बारीक), पाणी गढूळ असेल तर ४एक्स सुद्धा चालतो, तेव्हा मासा दोऱ्याकडे बघत नाही आणि जोराच्या पाण्यात ५एक्स तुटतो.

आणि एक, पोलराइज्ड गॉगल घ्या. रॉडवर खर्च केलात त्याच्या एक दशांश लागेल, पण पाण्याची चमक गेली की तळ दिसायला लागतो. शिवाय नवशिक्याची फ्लाय स्वतःच्याच डोळ्याकडे येते, त्यासाठीही पाहिजे.

हिमाचलवेडा

ताईंनी फ्लायचं इतकं सांगितलं की मी फक्त जागेचं बोलतो. आणि भंडारदऱ्याचंही.

भंडारदऱ्याला रात्री थंडी पडते ती हवेत, पाण्यात नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या धरणाचं वरचं पाणी सहज २५ च्या पुढे जातं आणि तिथे ट्राउट मरतो. शिवाय गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरला ११ मिलीग्रॅमच्या आसपास, २५ अंशाला ८ च्या थोडं वर, आणि ट्राउट हा ऑक्सिजनचा भुकेला मासा. आपले डोंगरातले ओढे तर मार्चनंतर कोरडेच. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारकडे उंचीमुळे रेनबो ट्राउट टिकला, आपल्याकडे तेवढी उंची नाही, कळसूबाईच १६४६ मीटर.

आणि समजा जमलं असतं तरी सोडू नये असं माझं मत आहे. ट्राउट हिमालयातलाही नाही, इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी विलायतेहून अंडी आणली, १९०० च्या सुमारास काश्मिरात ब्राउन ट्राउट रुजला आणि १९०९ च्या सुमारास कुलूकडे. तिथला मूळचा स्नो ट्राउट, ज्याला पहाडी लोक असेला म्हणतात, तो खरं तर कार्पच्या कुळातला, त्याच्यावर पाहुण्याने संक्रांत आणली. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. लोणावळ्याच्या हॅचरीतला आपला खडस, म्हणजे दख्खनचा महासीर, कावेरीत सोडला आणि तिथला कुबडवाला महासीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. ज्या नदीचा मासा त्या नदीत बरा. असो, हा वेगळाच विषय झाला.

गंगापूररोडवाला, जागा शोधताना एकच डोक्यात ठेवा, मासा आळशी आहे, त्याला कमी ताकदीत जास्त खायचंय. जोराच्या प्रवाहाच्या शेजारी जिथे पाणी संथ आहे आणि दोघांच्या मधे फेसाची रेघ दिसते, तिथे तो उभा असतो. मोठ्या दगडाच्या मागे, आणि पुढेही, दगडाच्या पुढ्यात पाण्याची एक गादी तयार होते तिथे लोक टाकतच नाहीत. नदी चढलेली असेल तर मधे पाणी फार ओढतं त्यामुळे मासे काठाला सरकतात, अगदी फूट-दीड फूट खोलीत. नवीन माणूस काय करतो, थेट पाण्यात उतरतो आणि मधे फेकतो, म्हणजे जिथे मासा होता तिथे त्याचे पाय. आधी कोरड्यावर उभं राहून काठ तपासायचा. खालून वर चालत जायचं कारण त्याचं तोंड वरच्या बाजूला असतं, तुम्ही मागून जाता. लांब फेकायचा हट्ट नको, त्या नदीत २०-२५ फूट पुरतं, लाइन जितकी कमी पाण्यावर तितकी फ्लाय नैसर्गिक वाहते. फ्लाय पाण्यापेक्षा वेगात किंवा आडवी ओढली गेली की मासा तोंड फिरवतो, दहापैकी नऊ वेळा कारण तेच असतं, फ्लायचं नाव नाही.

बागलाणी

सगळे मासा कसा धरायचा ते सांगताय, मी माणूस कसा परत आणायचा ते सांगतो. घरचे सोबत आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

तीर्थन लारजीला बियासला मिळते आणि तिथे धरण आहे. २०१४ च्या जूनमध्ये लारजीतून पाणी सोडलं आणि खाली थलौटजवळ बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडं दिसत होतं. आपल्याकडे गंगापूरमधून विसर्ग किती क्युसेकने वाढवला ते मोबाइलवर येतं, भोंगा वाजतो, तरी दरवर्षी रामकुंडावर गाड्या अडकतात, तिथे तर आपण परके. धरणाच्या खालच्या पात्रात उतरायचंच नाही, मासा कितीही दिसू दे. गुशैणी धरणाच्या बरीच वर आहे त्यामुळे तो धोका नाही, पण बर्फाचं पाणी आणि वरच्या पावसाचा लोंढा आहेच.

नाशकात गोदेला पूर आला की आपण विचारतो ना, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं, कमरेला का छातीला, तसाच एक दगड तिथे पोचल्या पोचल्या निवडून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने त्याच्याकडे बघा. पाणी चार बोटं चढलं, किंवा रंग बदलला, किंवा काड्या-पाला वाहून यायला लागला की बाहेर. नदी ओलांडून पलीकडच्या काठाला तर जाऊच नका, सकाळी ओलांडली ती दुपारी ओलांडता येत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हातात काठी, आणि स्लीपर किंवा क्रॉक्स घालून शेवाळलेल्या दगडांवर नाचायचं नाही. पोराला पाण्यापासून लांब बसवा, ते पाणी दोन मिनिटांत पाय बधिर करतं.

गंगापूररोडवाला

एवढं डिटेल कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बागलाणी, दगडाची आयडिया पोराला सांगितली, ते काम त्याच्याकडे देतो म्हणजे तो काठावर बसेल पण आणि बिझी पण राहील.

कास्टिंगवर कुणी बोललंच नाही. काल गच्चीवर रॉड जोडून बघितला, लाइन सरळ डोक्यावर पडली आणि शेजारच्या काकू हसून गेल्या. दारणेवर कसं शिसं बांधून झटका दिला की जातं, इथे काही जातच नाही. आणि रेल्वेत रॉड नेता येतो ना? पाण्याचं तापमान बघायला खास थर्मामीटर लागतो का?

सातपूरकरीण

शिशाची सवय डोक्यातून काढा, सगळी गडबड तिथेच आहे. साध्या गळाला वजन टोकाला असतं आणि ते दोऱ्याला ओढून नेतं. इथे टोकाला पिसाची माशी, तिला वजनच नाही, वजन आहे ते या जाड लाइनला. म्हणजे तुम्ही लाइन फेकताय, माशी नुसती मागोमाग जाते. त्यामुळे मागे नेलेली लाइन हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे. तुमची डोक्यावर पडली कारण थांबला नाहीत, सगळे गळवाले सुरुवातीला हेच करतात. मान वळवून मागे बघा, लाइन सरळ झाली की पुढे आणा. मनगट कमी, हात जास्त. घड्याळात दहा आणि एकच्या मधेच रॉड फिरला पाहिजे, पार मागे झोपवायचा नाही.

गच्ची सोडा, लाइन सिमेंटवर घासून खराब होते. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी लवकर, चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात गवतावर करा. टोकाला गळ अजिबात नाही, लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधा. रोज वीस मिनिटं पुरे, तासभर केलं की हात थकतो आणि चुकीची सवय लागते. दुसरं शिकायचं ते रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे फेकणं, तीर्थनच्या काठाला झाडं आहेत, मागे लाइन न्यायला जागाच नसते. पण तो गवतावर नीट येत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते, म्हणून एखादा रविवार बॅकवॉटरला काढा. तेव्हा लहान निम्फ लावा, चिलापी फ्लायला मस्त येते, मासा लागल्यावर लाइन डाव्या हाताने कशी सांभाळायची ते तिथेच शिकाल. धरणातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेली असते, आधी विचारून घ्या. आणि नांदूरमधमेश्वरला नको हं, ते अभयारण्य आहे, रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा पण.

रेल्वेत काही अडचण नाही, चार तुकड्यांचा रॉड म्हणजे ट्यूब अडीच फुटाची, बर्थखाली जाते. फ्लायचा डबा आणि कात्री मात्र पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दारणेचा_मरळ

रविवारी बॅकवॉटरला येणार असाल तर सांगा, मी येतो. मला ती पिसाची माशी चिलापीला खरंच लागते का ते बघायचंय. लागली तर भाकरी माझ्याकडे, नाही लागली तर गांडुळं आहेतच खिशात.

हिमाचलवेडा

थर्मामीटर खास नको, फिश टँकच्या दुकानात मिळतो तो चालतो, फक्त काचेचा घेऊ नका, दगडावर आपटून फुटतो, आणि ० पासून दाखवणारा आहे ना बघून घ्या, काही १५ च्या खाली दाखवतच नाहीत. दोरी बांधून सावलीतल्या वाहत्या पाण्यात दोन मिनिटं धरा, काठाच्या साचलेल्या पाण्यात नाही, ते उन्हाने तापलेलं असतं. सकाळी आठला ७ दाखवलं तर बसून राहा, ९-१० झालं की निम्फ टाकायला सुरुवात करा. आणि मासा लागला तर हात आधी पाण्यात ओले करून मग धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी लागते. फोटो काढायचा असेल तर वहिनींना मोबाइल आधीच उघडून ठेवायला सांगा.